बहिणीचे नाव

ओझरला बाणगंगेच्या काठी आमची थोडी द्राक्षबाग आहे. वडील गेले आणि सातबारावर वारसांची नावे लावायची वेळ आली. बहिणीकडून हक्कसोडपत्रावर सही घेऊन टाक, असे घरातल्या वडीलधाऱ्यांनी सुचवले. ती काही बोलली नाही. चहाचे कप उचलून आत गेली. त्या रात्री मला महामहोपाध्याय पांडुरंग वामन काणे आठवले.

काणे म्हटले की धर्मशास्त्राचा इतिहास आणि १९६३ सालचे भारतरत्न एवढेच आपल्याला ठाऊक असते. पण हा माणूस कायद्याचा मास्तर होता. जन्म १८८० सालचा, चिपळूणजवळचा. वडील दापोलीला वकील. विल्सन कॉलेजातून पदवी घेऊन पांडुरंगराव सरकारी शाळेत शिकवू लागले आणि नोकरी सांभाळूनच कायद्याच्या परीक्षा देत राहिले. १९११ साली नोकरी सोडून त्यांनी मुंबई हायकोर्टात वकिली सुरू केली. १९१७ ते १९२३ या काळात ते मुंबईच्या गव्हर्नमेंट लॉ कॉलेजात प्राध्यापक होते.

त्यांच्या व्यासंगाचा विषय तुमच्या-आमच्या घरातलाच होता. वारसा, वाटणी, दत्तक, स्त्रीधन! त्या काळी मुंबई, गुजरात आणि उत्तर कोकणात अशा तंट्यांचा निवाडा करताना कोर्टे नीळकंठ भट्टांचा व्यवहारमयूख प्रमाण मानत. सतराव्या शतकातला हा संस्कृत ग्रंथ काण्यांनी संपादित करून १९२६ साली प्रसिद्ध केला. त्याला जोडण्यासाठी म्हणून धर्मशास्त्राचा आढावा लिहायला घेतला, तो वाढतच गेला. पहिला खंड १९३० साली आला, शेवटचा १९६२ साली. तेव्हा काणे ब्याऐंशी वर्षांचे होते. मधल्या काळात वकिली चालू होती, मुंबई विद्यापीठाचे कुलगुरुपद झाले, राज्यसभा झाली; लेखणी मात्र थांबली नाही. १९७२ साली ते गेले.

याच मयूखात एक गोष्ट आहे. अन्य प्रांतांत निपुत्रिक भावाच्या वारसांत बहिणीला फारसे कुणी विचारीत नसे. नीळकंठांनी मात्र तिला आजीच्या पाठोपाठ बसवले. कारण साधे: तीही त्याच गोत्रात जन्मली आहे. शास्त्र म्हणजे बाईला नाही म्हणणे, असे आपण धरून चालतो. काण्यांनी जन्मभर मूळ वचने पुढे मांडून दाखवले, की शास्त्रातही अनेक मते होती आणि ती काळाप्रमाणे बदलत आली.

आज तर प्रश्नच नाही. १९५६ च्या कायद्याने मुलीला बापाचा वारस केले, २००५ च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मिळकतीतही मुलाच्या बरोबरीला आणले. तरी सही मागितली जाते, आणि माहेर तुटू नये म्हणून ती दिलीही जाते.

सकाळी मी कोरा कागद तसाच कपाटात ठेवला आणि बहिणीला घेऊन तलाठ्याकडे गेलो. आमच्या सातबारावर आता आईबरोबर आम्हा दोघा भावंडांची नावे आहेत. त्या दिवाळीत भाऊबीजेला ती आली, तेव्हा ओवाळताना तिचा हात जरा जास्तच वेळ ताटावर रेंगाळला.