चहा मैदानाबाहेर द्यायचे, पण बाळू पालवणकरांच्या डाव्या हाताशिवाय संघाचं पान हलायचं नाही

रविवारी मावळात कुठेही चक्कर मारा. तुंगार्ली असो, कामशेत असो की वडगाव, मोकळं मैदान दिसलं की तिथे टेनिस बॉलची मॅच रंगलेली असते. आणि एखाद्या संघात डावखुरा बॉलर असेल तर त्याचा भाव जरा जास्तच असतो. कारण सोपं आहे, असे बॉलर कमी असतात. दहा माणसांत साधारण एकच डावखुरा असतो.

आता एक गंमत करून बघा. ज्या हाताने तुम्ही जेवता, लिहिता, त्याच्या उलट हाताने बॉल फेका. बॉल जवळच पडेल आणि भलतीकडेच जाईल. म्हणजे फरक नुसत्या ताकदीचा नाही. उजव्या माणसाच्या उजव्या हाताची पकड डाव्यापेक्षा साधारण दहा टक्क्यांनी जास्त असते. डावखुऱ्यांमध्ये हा फरक बराच कमी असतो, कारण दाराच्या कड्या, कात्र्या, यंत्रं सगळं उजव्यांसाठी बनवलेलं, त्यामुळे त्यांच्या दोन्ही हातांना कामाला लागावं लागतं. पण कोणता स्नायू कधी ताणायचा, बोटांतून बॉल नेमका कधी सोडायचा, हे मेंदूला एकाच हाताचं पाठ असतं.

खेळाडूंमध्ये ही दरी आणखी वाढते. १९७७ साली व्यावसायिक टेनिसपटूंच्या दंडाच्या हाडांचे एक्स-रे तपासले गेले. पुरुष खेळाडूंमध्ये रॅकेट धरणाऱ्या हाताच्या हाडाचं कवच दुसऱ्या हातापेक्षा सुमारे एक तृतीयांशाने जाड भरलं. तोच माणूस, तोच आहार, तेच रक्त. फरक एवढाच की एका हाताला काम मिळालं आणि दुसऱ्याला नाही.

काम मिळालेला हात माणसाला कुठवर नेतो, आणि काम देणारेच त्याला कुठे अडवतात, हे बघायचं तर याच पुणे जिल्ह्यात सव्वाशेहून जास्त वर्षं मागे जावं लागतं.

बाळू पालवणकर यांचा जन्म १८७६ साली धारवाडचा. घराणं मूळचं कोकणातल्या पालवण गावचं, जात चांभार, म्हणजे त्या काळच्या भाषेत अस्पृश्य. वडील लष्करात नोकरीला होते आणि कुटुंब पुण्यात राहत होतं. गोऱ्या अधिकाऱ्यांनी टाकून दिलेल्या बॅट-बॉलवर बाळू आणि त्यांचा धाकटा भाऊ शिवराम क्रिकेट शिकले.

बाळूंची पहिली नोकरी पुण्यातल्या पारशांच्या एका क्रिकेट क्लबात. खेळपट्टी झाडायची, रोलर फिरवायचा, पगार महिना तीन रुपये. १८९२ च्या सुमारास ते युरोपियनांच्या पूना क्लबमध्ये गेले. पगार एक रुपयाने वाढला आणि कामंही वाढली. रोलर ओढायचा, खेळपट्टी आखायची, जाळ्या बांधायच्या आणि साहेबांना सरावासाठी बॉलिंग टाकायची.

रोलर ओढायला दोन्ही हात लागतात. बॉलिंगला मात्र एकच, आणि बाळूंचा तो हात डावा होता. ज्या समाजात प्रसाद डाव्या हातात घेत नाहीत, शुभकार्यात डावा हात पुढे करत नाहीत, त्याच समाजात त्यांचं नशीब या हाताने उघडलं. डावा फिरकी बॉलर टाकतो तो बॉल टप्पा पडल्यावर उजव्या हाताच्या फलंदाजापासून बाहेरच्या बाजूला वळतो. त्यामुळे बॅटची कड लागायचा धोका सतत असतो.

त्या क्लबातले सगळ्यात नावाजलेले फलंदाज होते जे. जी. ग्रेग. बाळूंनी आऊट केलं की ग्रेग साहेब दर वेळी आठ आणे देत, असं सांगतात. महिन्याला चार रुपये मिळवणाऱ्या पोराला आठ आणे म्हणजे जवळपास चार दिवसांचा पगार! साहेबांचा सराव चालला होता, पण खरा सराव बाळूंचा होत होता. वय सोळा-सतरा. हाडं, सांधे, स्नायू कामानुसार घडण्याचं हेच वय. लहान वयात खेळायला लागलेल्या टेनिसपटूंमध्ये दोन हातांतला फरक जास्त दिसतो, तो यामुळेच.

पण एक गोष्ट बाळूंना पूना क्लबमध्ये कधीच मिळाली नाही. बॅट. शेकडो तास त्यांनी बॉलिंग टाकली, तरी सरावात त्यांच्या हातात एकदाही बॅट दिली गेली नाही. फलंदाजी हा साहेबांचा आणि राजेरजवाड्यांचा शौक, बॉलिंग हे घाम गाळणाऱ्याचं काम, अशी वाटणी पक्की होती.

त्यांची ख्याती पुण्यातल्या हिंदूंच्या क्लबपर्यंत पोचली. युरोपियनांना हरवायचं तर हा बॉलर हवा, हे सगळ्यांना कळत होतं. पण त्याला संघात घेतलं तर विटाळाचं काय, यावर वाद झाला. शेवटी तोडगा निघाला. बाळूंनी टाकलेला बॉल सवर्णांनी झेलायचा, त्याला विटाळ नाही. चहाच्या सुट्टीत मात्र बाकीचे आत कपबशीत चहा घेणार आणि बाळू बाहेर, वापरून फेकायच्या मातीच्या भांड्यात. जेवणही वेगळं.

१८९६ साली पुण्या-मुंबईकडे प्लेगची साथ आली. त्याच सुमारास बाळू लोणावळा-खंडाळ्याचा घाट उतरून मुंबईला गेले. तिथे रेल्वेत नोकरी मिळाली आणि हिंदू जिमखान्याच्या संघात जागाही. १९०६ साली हिंदूंनी युरोपियनांना १०९ धावांनी हरवलं. वंगभंगाच्या आंदोलनाने देश तापलेला असताना आलेला हा विजय नुसता क्रिकेटचा राहिला नाही. त्या संघात बाळू आणि शिवराम दोघेही होते.

१९११ साली पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली भारतीय संघ इंग्लंडला गेला. संघाचा धुव्वा उडाला, प्रथम श्रेणीच्या चौदापैकी दहा सामने हरला. पण पस्तिशीतल्या बाळूंनी दौऱ्यात एकूण ११४ बळी घेतले, सरासरी १८.८४. आयुष्यात पहिल्यांदाच ते इंग्लंडच्या खेळपट्ट्यांवर बॉलिंग टाकत होते. परतल्यावर दलित समाजाने मुंबईत त्यांचा सत्कार केला. तेव्हा विशीतले असलेले बाबासाहेब आंबेडकरही त्यांच्या चाहत्यांपैकी होते.

प्रथम श्रेणीचे ३३ सामने, १७९ बळी, सरासरी १५.२१, अशी बाळूंची कारकीर्द. एवढं असूनही हिंदू संघाचं कर्णधारपद त्यांना कधीच मिळालं नाही. १९२० साली त्यांना संघातूनच वगळलं, तेव्हा शिवराम आणि विठ्ठल या भावांनी निषेध म्हणून खेळायला नकार दिला. प्रकरण गाजलं. शेवटी भावंडं परतली, बाळूंना उपकर्णधार केलं गेलं आणि कर्णधार मैदानाबाहेर गेल्यावर काही काळ संघ त्यांनी सांभाळला. पुढे १९२३ साली विठ्ठल पालवणकर हिंदू संघाचे कर्णधार झाले. जे दार थोरल्या भावासाठी बंद राहिलं, ते धाकट्यासाठी उघडलं.

निवृत्तीनंतर बाळू राजकारणात आले. अस्पृश्यांना स्वतंत्र मतदारसंघ हवेत की संयुक्त, या वादात ते संयुक्त मतदारसंघाच्या बाजूने, म्हणजे आंबेडकरांच्या विरोधात उभे राहिले. १९३७ साली तर मुंबई विधानसभेच्या निवडणुकीत काँग्रेसने त्यांना थेट आंबेडकरांसमोरच उभं केलं. आंबेडकरांना १३,२४५ मतं पडली, बाळूंना ११,२२५. अवघ्या २,०२० मतांनी ते हरले. १९५५ साली मुंबईत त्यांचं निधन झालं.

व्यायामशास्त्रात एक गोष्ट शंभरेक वर्षांपूर्वीच लक्षात आली आहे. एका हाताला व्यायाम दिला तर दुसऱ्या हाताची ताकदही थोडी वाढते, कारण शिकणारा मेंदू एकच असतो. म्हणजे कमजोर हातही मुळात नालायक नसतो, त्याला काम मिळालेलं नसतं एवढंच. बाळूंच्या डाव्या हाताला लोकांनी काम दिलं, कारण त्यांना ते हवं होतं. बॅट धरायचं आणि संघ चालवायचं काम दिलं नाही, कारण तिथे त्यांची जात आडवी आली. त्या चहाच्या मातीच्या भांड्यांचे तुकडे पुण्याच्या मैदानाबाहेर कधीच मातीत मिसळले. १७९ बळींचा आकडा मात्र रेकॉर्डबुकात तसाच आहे.