डॉप्लर : ताऱ्यांच्या रंगाचा अंदाज चुकला, पण तत्त्व टिकले!

ॲम्ब्युलन्स जवळ येताना सायरनचा सूर चढा वाटतो आणि पुढे निघून गेली की उतरतो. हा डॉप्लर परिणाम शाळेत सगळेच शिकतात. पण ख्रिश्चन डॉप्लर यांनी तो मांडला होता आकाशातल्या जोडताऱ्यांसाठी!

कोण होते डॉप्लर?

आजच्या ऑस्ट्रियातील साल्झबुर्गमध्ये २९ नोव्हेंबर १८०३ रोजी त्यांचा जन्म झाला. घरचा धंदा पाथरवटाचा. प्रकृती नाजूक असल्याने ते गणिताकडे वळले. मनासारखी नोकरी मिळेना, म्हणून काही काळ सूतगिरणीत हिशेब लिहिले. १८३५ मध्ये तर अमेरिकेला जाण्यासाठी घरातले सामानही विकले. तेवढ्यात प्रागमध्ये शिक्षकाची नोकरी मिळाली.

नेमके काय मांडले?

२५ मे १८४२ रोजी प्रागमध्ये त्यांनी निबंध वाचला. आपल्याकडे येणाऱ्या ताऱ्याचा प्रकाश निळ्याकडे झुकतो आणि दूर जाणाऱ्याचा लाल रंगाकडे, म्हणून जोडतारे रंगीत दिसतात, असे त्यांचे म्हणणे होते. इथेच ते चुकले. ताऱ्याचा रंग मुख्यतः तापमानावर ठरतो.

१८४५ मध्ये नेदरलँड्समध्ये धावत्या रेल्वेवर वादक बसवून केलेल्या प्रयोगात आवाजाबाबत डॉप्लर खरे ठरले. मात्र, प्रयोग करणाऱ्या बाइस बॅलट यांनीच ताऱ्यांच्या रंगाचा मुद्दा अमान्य केला. १८५० मध्ये डॉप्लर व्हिएन्ना विद्यापीठाच्या भौतिकशास्त्र संस्थेचे पहिले संचालक झाले. पण टीका थांबली नाही. फुप्फुसांच्या आजाराने १७ मार्च १८५३ रोजी व्हेनिसमध्ये त्यांचे निधन झाले. वय अवघे ४९.

मग खरे काय ठरले?

ताऱ्याच्या प्रकाशाचा वर्णपट काढला की त्यात ठरावीक जागी रेषा दिसतात. ताऱ्याच्या गतीमुळे याच रेषा सरकतात. १८८९ मध्ये सप्तर्षींतील वसिष्ठ ताऱ्याच्या रेषा ठरावीक काळाने दुहेरी होतात, असे पिकरिंग यांनी जाहीर केले. म्हणजे एक वाटणाऱ्या ताऱ्यात दोन तारे होते.

क्ष-किरण जोडताऱ्यांशी संबंध काय?

या जोडीत एक साधा तारा असतो, तर दुसरा न्यूट्रॉन तारा किंवा कृष्णविवर. साथीदाराचा ओढला गेलेला वायू तापून क्ष-किरण फेकतो. वर्णपटातील रेषा किती दिवसांनी मागे-पुढे होतात, यावरून फेरीचा काळ कळतो आणि न दिसणाऱ्या साथीदाराच्या वजनाचा अंदाज बांधता येतो. हंस तारकासमूहातील सिग्नस एक्स-१ मध्ये ही फेरी ५.६ दिवसांची आहे. तिच्यावरूनच तिथे कृष्णविवर असल्याचे अनुमान निघाले.

गरुड तारकासमूहातील एसएस ४३३ मधून वायूचे दोन झोत प्रकाशाच्या सुमारे २६ टक्के वेगाने सुटतात आणि भोवऱ्यासारखे डुलतात. त्यामुळे त्यांच्या चमकत्या रेषा सुमारे १६२ दिवसांच्या चक्रात सरकतात. एका झोतातली हायड्रोजनची लाल रेषा कधी नारिंगी-पिवळ्यापर्यंत जाते. वेगामुळे रंग बदलतो, हे डॉप्लर यांचे म्हणणे निदान इथे तरी अक्षरशः खरे ठरते.