बेचिराख गावांचा कारभारी : तात्या जोग

इंदूर म्हटले की आपल्याला पुण्यश्लोक अहिल्याबाई आठवतात, आणि ते योग्यच आहे. परंतु १७९५ साली त्या निवर्तल्यानंतर अवघ्या तेवीस वर्षांनी होळकरशाहीची मोडलेली घडी पुन्हा बसवावी लागली. हे काम ज्याने केले त्या विठ्ठल महादेव किबे ऊर्फ तात्या जोग यांची आठवण मात्र इंदुराबाहेर फारशी कोणी काढत नाही. मी वाणिज्य शाखेचा विद्यार्थी असल्यामुळे असेल, पण त्या काळातील लढायांपेक्षा या कारभाऱ्याच्या हिशेबानेच माझे मन अधिक वेधले.

राजवाड्याकडून नदी ओलांडली की जुनी इंदूर लागते. ही वस्ती होळकरांच्याही आधीची. १८०१ साली यशवंतराव होळकरांच्या फौजेने शिंद्यांचे उज्जैन लुटले. त्याच वर्षी ऑक्टोबरात शिंद्यांच्या सर्जेराव घाटग्याने इंदूर लुटून राजवाड्याला आग लावली. दोन्ही बाजूंचे सरदार मराठेच. होरपळली ती दोन्ही बाजूंची रयत. पुढे १८११ मध्ये यशवंतराव भानपुऱ्यास वारले आणि अल्पवयीन मल्हारराव गादीवर आले. फौजेचा पगार थकला की शिपाई तो गावांकडून उकळीत, आणि त्यांच्या तावडीतून जे सुटे ते पेंढारी नेत. शेवटी कुणबी बायकामुलांना घेऊन परमुलखात मजुरीला जाई आणि मागे गाव ओस पडे.

अशा गावाला ‘बेचिराख’ म्हणत. हा शब्द शाळेत आपण सर्वांनीच निबंधात वापरला आहे. ‘चिराग’ म्हणजे दिवा. ज्या गावात संध्याकाळी दिवा लावायला माणूस उरला नाही ते बेचिराख. आपल्या कन्नड विभागातील मित्रांनाही तो परका नाही, कारण महसुली कागदपत्रांत निर्जन गावाला कन्नडमध्ये ‘बेचराक’च म्हणतात.

२१ डिसेंबर १८१७ रोजी महिदपूरच्या लढाईत होळकरांचा पराभव झाला. ६ जानेवारी १८१८ रोजी मंदसोरला तह झाला. इंग्रजांकडून त्यावर माल्कमने सही केली, तर अकरा वर्षांच्या मल्हाररावांच्या वतीने तात्या जोगांनी. सातपुड्याच्या दक्षिणेचा मुलूख गेला, राजपूत राज्यांवरचे हक्क गेले, स्वातंत्र्यही गेले. अशा कागदावर सही करणाऱ्याचे पोवाडे कोण गाणार?

परंतु या कारभाऱ्याची खरी परीक्षा सहीनंतर सुरू झाली. राजधानी इंदूरला आली. फौज कमी झाल्याने तिच्या थकलेल्या पगारासाठी होणारी लूटही थांबली. माल्कमने १८२३ साली प्रसिद्ध केलेल्या मध्य हिंदुस्थानच्या वृत्तांतात होळकर राज्याचे आकडे दिले आहेत. एकूण गावे ३,७०१. त्यांपैकी १८१७ मध्ये वसलेली २,०३८ आणि बेचिराख १,६६३. पुढे १८१८ मध्ये २६९, १८१९ मध्ये ३४३ आणि १८२० मध्ये ५०८ गावे पुन्हा वसली. म्हणजे तीन वर्षांत १,१२० गावांत पुन्हा दिवा लागला. माळवा-निमाडचे उत्पन्न साडेचार लाखांच्या आतून सुमारे सतरा लाखांवर गेले.

ओसाड गाव वसवण्याची मराठी कारभारातील रीत जुनीच होती. परतणाऱ्या रयतेला अभयाचा कौल द्यायचा, बी-बैलांसाठी तगाई द्यायची, आणि पहिल्या वर्षी नाममात्र सारा घेऊन तो दरवर्षी चढवीत नेणारा इस्तावा ठरवायचा. व्यापाराच्या भाषेत सांगायचे तर आधी भांडवल घालायचे आणि नफ्याची घाई करायची नाही. मात्र उद्या पुन्हा लूट होणार नाही असा भरवसा नसेल तर या कौलाला कवडीचीही किंमत राहत नाही. तो भरवसा तहामुळे आला, हे कितीही कडू असले तरी मान्य केले पाहिजे.

माल्कमने नोंदवलेली एक गोष्ट मला विसरता येत नाही. परागंदा झालेल्या गावकऱ्यांनी परमुलखातही आपसांतील सोयरिकी आणि पाटलाचा मान टिकवून ठेवला होता. ते परतले तेव्हा पुष्कळ ठिकाणी मूळ पाटलाच्या नातवा-पणतवाला, अगदी तान्ह्या पोरालासुद्धा, उचलून पुढे चालवले होते. गावात पोहोचल्यावर कोणती भिंत कोणाची आणि कोणते शेत कोणाचे यावरून तंटाबखेडा झाला नाही. सरकारी दप्तराला जे सांगता आले नसते ते लोकांच्या स्मरणात शाबूत होते. माझ्या मते तात्या जोगांच्या कारभाराचे मोठे भांडवल हेच होते.

तात्या जोगांना संत ठरवण्याचे कारण नाही. पुढे किबे घराणे इंदुरात धनाढ्य झाले. १८२० साली ५४३ गावे अंधारातच होती. १८२६ मध्ये तात्या जोग वारले आणि कारभार पुन्हा सैल पडला. एका माणसाच्या हुशारीवर उभी राहिलेली व्यवस्था त्याच्यामागे टिकणे कठीणच असते.

तरीही युद्धानंतर घर सोडून गेलेल्यांना परत कसे आणावे, हा प्रश्न आजच्या जगालाही सुटलेला नाही. १९४७ नंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांनी याच इंदुरात नवे संसार उभे केले, पण त्यांना आपल्या गावी परत जाता आले नाही. माळव्याच्या त्या १,१२० गावांना ते जमले. महिदपूरची लढाई आपण तारखेसह पाठ करतो. तिच्यानंतरची ही तीन वर्षेही आपल्या अभ्यासात यावीत, एवढेच मला सुचवायचे आहे.