विज्ञान ऐकवणारे रमण

नागपूरच्या शुक्रवारी तलावाजवळ, म्हणजे आजच्या गांधीसागराजवळ, १९९२ पासून रमण विज्ञान केंद्र उभे आहे. शाळेच्या सहलीत तिथे जाऊन आलेले नागपूरकर घरोघरी सापडतील. मात्र ज्यांचे नाव या केंद्राला दिले आहे ते सर चंद्रशेखर वेंकट रमण काही महिने याच शहरात सरकारी नोकरीत होते, हे फार जणांना ठाऊक नसते. नोबेल पारितोषिक मिळवणारे शास्त्रज्ञ ही त्यांची ओळख सर्वांना आहे. जाहीर व्याख्याने देणारे रमण त्या मानाने कमी परिचयाचे आहेत. खरे तर त्यांच्या आयुष्यातल्या बहुतेक मोठ्या वळणांवर एखादे व्याख्यान किंवा व्याख्यानाची जागा उभी दिसते.

रमण यांचा जन्म ७ नोव्हेंबर १८८८ रोजी तिरुचिरापल्लीचा. मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजातून ते कोवळ्या वयात पदवीधर झाले आणि १९०७ मध्ये एम. ए. झाले. एवढा हुशार मुलगा पुढच्या शिक्षणासाठी इंग्लंडला जाणार, हे सगळ्यांनी गृहीत धरले होते. पण मद्रासच्या सिव्हिल सर्जनने त्यांची तपासणी केली आणि ही नाजूक प्रकृती तिकडच्या थंडीत टिकणार नाही, असा निर्वाळा दिला. परदेशाचा बेत तिथेच बारगळला. भारतात राहून संशोधन करावे, तर त्यावर पोट भरेल अशी सोय नव्हती. मग रमण वित्त खात्याच्या परीक्षेला बसले, तीत पहिले आले आणि १९०७ मध्ये कलकत्त्याला हिशेब खात्यात अधिकारी म्हणून रुजू झाले.

एकदा ट्राममधून जाताना बऊबाजार रस्त्यावर त्यांना एक पाटी दिसली, ‘इंडियन असोसिएशन फॉर द कल्टिव्हेशन ऑफ सायन्स’. ते आत गेले. आशुतोष डे नावाच्या सहायकाने त्यांचे स्वागत केले. आत सभागृह होते, उपकरणे होती, प्रयोगशाळेची जागा होती. तिथे नेमाने संशोधन करणारे मात्र कोणी नव्हते.

ही जागा कशी उभी राहिली, ते पाहण्यासारखे आहे. डॉ. महेंद्रलाल सरकार हे कलकत्ता विद्यापीठाचे एम. डी. झालेले नामवंत डॉक्टर. लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनचा नमुना त्यांच्या डोळ्यांपुढे होता. त्या संस्थेत शास्त्रज्ञ प्रयोग करून दाखवत आणि लोक ऐकायला येत. बुकबाइंडरकडे उमेदवारी करणारा मायकेल फॅरडे नावाचा पोरगा १८१२ मध्ये एका गिऱ्हाइकाने दिलेल्या तिकिटांवर तिथल्या व्याख्यानांना जाऊन बसला आणि पुढे विजेच्या शास्त्राचा पाया घालणारा शास्त्रज्ञ झाला. असे काही आपल्याकडेही हवे, असे सरकार यांना वाटे. त्यांनी १८६९ मध्ये ही कल्पना लोकांपुढे मांडली, कित्येक वर्षे वर्गणी गोळा केली आणि १८७६ मध्ये संस्था सुरू केली. त्याच्या आदल्याच वर्षी न्यायमूर्ती रानडे यांच्या पुढाकाराने पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू झाली होती. कॉलेजची पायरी न चढलेल्या माणसालाही नवे ज्ञान कानावर पडावे, ही ओढ त्या काळात देशाच्या दोन टोकांना दिसते.

सरकार यांच्या संस्थेत फादर लाफों भौतिकशास्त्रावर प्रयोगांसह बोलत. जगदीशचंद्र बोस यांनीही तिथे व्याख्याने दिली. पण पूर्णवेळ संशोधक मिळावेत ही सरकार यांची इच्छा पुरी झाली नाही. १९०४ मध्ये ते गेले. त्यानंतर तीन वर्षांनी रमण त्या दारात उभे राहिले. सकाळी संस्थेत प्रयोग, दिवसभर कचेरीत हिशेब आणि संध्याकाळी पुन्हा संस्था, असा त्यांचा दिनक्रम सुरू झाला.

सरकारी नोकरी म्हटली की बदली आलीच. १९०९ मध्ये त्यांना रंगूनला पाठवण्यात आले. तिथे पोहोचून काही महिने होतात तोच वडिलांच्या आजारपणामुळे आणि निधनामुळे त्यांना मद्रासला यावे लागले. ते रंगूनला परतले आणि लगेच १९१० मध्ये त्यांची बदली नागपूरला झाली. नागपूर तेव्हा मध्य प्रांत आणि वऱ्हाडची राजधानी होते. बाविशीच्या आसपासचा हा अधिकारी हिशेबाच्या वह्यांतून सवड काढून घरीच प्रयोग करत राहिला. वर्षही पुरे झाले नाही तोच बढती मिळाली आणि १९११ मध्ये तो पुन्हा कलकत्त्याला गेला. कलकत्त्याला परतणे म्हणजे त्या सभागृहाकडे परतणे होते.

तिथे रमण यांनी नुसते संशोधन केले नाही. ते लोकांपुढे बोलूही लागले. भारतीय वाद्ये हा त्यांचा आवडता विषय होता. ताणलेल्या साध्या चामड्यावर थाप मारली तर नुसता धप्प आवाज येतो, कारण त्यातून निघणाऱ्या निरनिराळ्या कंपनांचा एकमेकांशी मेळ नसतो. तबल्याच्या किंवा मृदंगाच्या पुडीवर मात्र शाई असते. शाईमुळे मधल्या भागाचे वजन वाढते आणि महत्त्वाची कंपने मूळ स्वराच्या दुप्पट, तिप्पट, चौपट अशा हिशेबात येतात. म्हणून तबला सुरात लावता येतो. वाद्य बनवणाऱ्या कारागिरांनी पिढ्यान्पिढ्या कानाने जे साधले होते, त्याचे गणित रमण यांनी १९२० च्या सुमारास मांडले. या कारागिरांच्या कानाला त्यांनी शास्त्रज्ञाच्या कामाइतकाच मान दिला. जाहीर व्याख्यानाला असा विषय मिळाला की ऐकणारा परका राहत नाही.

त्यांची कीर्ती कलकत्ता विद्यापीठाचे कुलगुरू आशुतोष मुखर्जी यांच्या कानांवर गेली. १९१७ मध्ये रमण यांनी सरकारी नोकरी सोडली आणि बऱ्याच कमी पगारावर विद्यापीठात पालित प्राध्यापकाची जागा घेतली. घरच्यांना आणि स्नेह्यांना हा व्यवहार तोट्याचा वाटला असणार. रमण यांनी तो आनंदाने केला.

१९२१ मध्ये ते पहिल्यांदा युरोपला गेले. ज्या प्रकृतीमुळे एकेकाळी प्रवास नाकारला गेला होता, ती तेव्हा आड आली नाही. परतताना ‘नारकुंडा’ बोटीवरून भूमध्य समुद्राची गर्द निळाई त्यांनी पाहिली. समुद्र निळा दिसतो तो आकाशाच्या प्रतिबिंबामुळे, असे तेव्हा मानले जाई. रमण यांच्या खिशात एक छोटा लोलक होता. पाण्यावरून परावर्तित होणारा प्रकाश त्याने अडवता येत असे. तो अडवल्यावरही समुद्र निळाच दिसला. म्हणजे ही निळाई पाण्याच्या रेणूंनी प्रकाश विखुरल्यामुळे येत होती. बोट मुंबई बंदरात आली तेव्हा या विषयावरचे टिपण ‘नेचर’ नियतकालिकाकडे पाठवायला तयार होते.

प्रकाश पदार्थातून जाताना नेमके काय होते, या प्रश्नाचा त्यांनी पुढची सात वर्षे पिच्छा पुरवला. २८ फेब्रुवारी १९२८ रोजी उत्तर हाती आले. एकाच रंगाचा प्रकाश पदार्थावर टाकला की विखुरलेला बहुतेक प्रकाश त्याच रंगाचा राहतो. पण साधारण कोटीत एखादा प्रकाशकण पदार्थाच्या रेणूशी ऊर्जेची देवाणघेवाण करतो आणि त्याचा रंग किंचित बदलतो. हा बदल प्रत्येक पदार्थात वेगळा असतो. माणसाच्या बोटाचा ठसा असावा, तशी ही पदार्थाची ओळख. या कामात के. एस. कृष्णन त्यांच्याबरोबर होते. १६ मार्च १९२८ रोजी रमण यांनी बंगळूरला श्रोत्यांपुढे उभे राहून या शोधाचा सविस्तर वृत्तान्त सांगितला. जगभर पोहोचलेला तो शोधनिबंध म्हणजे मुळात एक व्याख्यान होते. १९३० मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. विज्ञानातले नोबेल मिळवणारे ते पहिले आशियाई ठरले.

त्या शोधाचा उपयोग आज कुठवर पोहोचला आहे, हे आरोग्याशी संबंध असलेल्या कोणालाही समजून घ्यावेसे वाटेल. गोळीचे वेष्टन न फोडताही आतले औषध खरे की बनावट, हे हातात मावणाऱ्या रमण यंत्राने तपासता येते. शस्त्रक्रियेच्या वेळी कर्करोगाची गाठ कुठे संपते आणि निरोगी ऊती कुठे सुरू होतात, हे याच तंत्राने ओळखण्यासाठी संशोधन चालू आहे. मंगळावर उतरलेल्या ‘पर्सिव्हरन्स’ गाडीवरही तिथले खडक ओळखायला अशी उपकरणे बसवली आहेत.

रमण यांच्या चरित्रातले एक पान मात्र या साऱ्याशी विसंगत आहे, आणि ते मराठी वाचकाच्या जवळचे आहे. १९३३ मध्ये ते बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेचे पहिले भारतीय संचालक झाले. त्याच वर्षी मुंबई विद्यापीठाची परीक्षा उत्तम गुणांनी उत्तीर्ण झालेली कमला भागवत ही तरुणी तिथे प्रवेश मागायला गेली. ती मुलगी आहे, एवढ्याच कारणावरून रमण यांनी नकार दिला. सभागृहात सगळ्यांना बोलावणाऱ्या माणसाने प्रयोगशाळेचे दार मात्र लावून घेतले. कमलाबाई माघारी फिरल्या नाहीत. त्यांनी तिथेच ठाण मांडले. शेवटी वर्षभराच्या चाचणीच्या अटीवर त्यांना घेण्यात आले. वर्ष संपले तेव्हा त्यांच्या कामाने रमण यांचे मत बदलले आणि पुढे इतर मुलींनाही तिथे वाट मिळाली. पुढच्या काळातल्या याच डॉ. कमला सोहोनी. १९३९ मध्ये त्यांनी केंब्रिजची पीएच. डी. मिळवली, नीरेच्या पोषणमूल्यावर काम केले आणि उतारवयात ग्राहकांसाठी सोप्या भाषेत लेख लिहिले. झालेला अपमान त्या विसरल्या नाहीत. रमण यांच्या थोरवीबरोबर ही नोंदही ठेवली पाहिजे. ज्ञान सर्वांचे, असे नुसते म्हणून भागत नाही. सर्वांत कोणाकोणाला धरायचे, हे प्रत्येक पिढीला पुन्हा ठरवावे लागते.

१९४८ मध्ये रमण यांनी बंगळूरला स्वतःची संशोधन संस्था सुरू केली. उतारवयातही त्यांचे बोलणे थांबले नाही. आकाशवाणीवरची त्यांची विज्ञानविषयक भाषणे १९५१ मध्ये पुस्तकरूपाने आली. डिसेंबर १९६८ मध्ये, वयाच्या ऐंशीव्या वर्षी, अहमदाबादला विक्रम साराभाई यांच्या पुढाकाराने उभ्या राहणाऱ्या विज्ञान केंद्रात ते बोलले. विषय होता, आकाश निळे का असते. लहान मूल विचारते तोच प्रश्न नोबेल मिळवलेला माणूस त्याच कुतूहलाने उलगडत होता.

गांधीजींच्या स्मरणार्थ दर २ ऑक्टोबरला संस्थेत जाहीर व्याख्यान देण्याचा त्यांनी प्रघात पाडला होता. गांधी जयंतीला राजकारणाऐवजी विज्ञानावर बोलायचे, हा त्यांचा शिरस्ता. २ ऑक्टोबर १९७० चे व्याख्यान शेवटचे ठरले. त्या दिवशी ते माणसाच्या ऐकण्याविषयी बोलले. आवाजाने कानाचा पडदा हलतो, तीन इवलीशी हाडे ते कंपन आत पोहोचवतात आणि शंखासारख्या वळणाच्या कर्णशंखूतल्या द्रवात त्याच्या लाटा उठतात. तिथल्या सूक्ष्म केसांच्या पेशी त्या लाटांचे मेंदूला कळणाऱ्या संदेशांत रूपांतर करतात. या पेशी माणसात एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत, म्हणून मोठ्या आवाजापासून कान जपायचे. वाद्यांच्या नादापासून सुरू झालेले कुतूहल शेवटी तो नाद ऐकणाऱ्या कानापाशी आले होते.

त्याच महिन्याच्या अखेरीस हृदयविकाराने ते प्रयोगशाळेतच कोसळले. डॉक्टरांनी काही तासांचीच मुदत दिली होती. त्यातूनही ते काही दिवस सावरले. रुग्णालयापेक्षा आपल्या संस्थेच्या बागेत राहणे त्यांनी पसंत केले. २१ नोव्हेंबर १९७० रोजी त्यांचे निधन झाले. २ ऑक्टोबरचे व्याख्यान मात्र बंद पडले नाही. त्यांच्या संस्थेत ते पुढेही होत राहिले.

१९८७ पासून २८ फेब्रुवारी हा राष्ट्रीय विज्ञान दिन म्हणून पाळला जातो. ही तारीख रमण यांच्या जन्माची किंवा मृत्यूची नाही, त्यांना उत्तर सापडल्याची आहे. त्या सुमारास देशभरातल्या विज्ञान केंद्रांत, महाविद्यालयांत आणि प्रयोगशाळांत लोकांसाठी व्याख्याने होतात. बहुतेक ठिकाणी त्यांना तिकीट नसते. तिथे जाताना मुलांना बरोबर न्यावे. व्याख्यान संपल्यावर प्रश्न विचारायला हात वर केला तर चालतो, हे त्यांना आधीच सांगून ठेवावे.