पत्र्याला डौल देणारा : हार्ली अर्ल

जुन्या अमेरिकन मोटारी मूळ रूपात पुन्हा उभ्या करणाऱ्या हौशी मंडळींमध्ये एक वाद कधी संपत नाही. हा वाद इंजिनाचा क्वचितच असतो; बहुधा तो पट्टीचा असतो. दारावरून मागच्या मडगार्डापर्यंत गेलेली चकचकीत पट्टी याच गाडीची आहे, की दुसऱ्या गाडीवरून आणून बसवली आहे? तिऱ्हाइताला हा पोरखेळ वाटेल. परंतु ज्या माणसाने मोटारीच्या अंगावरच्या पट्टीला एवढे मोल आणून दिले, त्याचे चरित्र पाहिले म्हणजे या वादात काय दडले आहे ते उमगते. त्या माणसाचे नाव हार्ली अर्ल.

अर्ल यांचा जन्म २२ नोव्हेंबर १८९३ रोजी लॉस एंजेलिस येथे झाला. वडिलांचा घोडागाड्या बांधण्याचा कारखाना होता. मोटारींचा जमाना आला तसा १९०८ च्या सुमारास त्यांनी कारखान्याचा मोहरा मोटारींकडे वळवला. त्या काळी श्रीमंत गिऱ्हाईक कंपनीकडून नुसता सांगाडा आणि इंजिन विकत घेई आणि वरची बॉडी आपल्या पसंतीच्या कारागिराकडून बांधून घेई. घराण्याचा धंदा मुलाच्या अंगात लहानपणापासूनच भिनलेला. स्टॅनफर्ड विद्यापीठातले शिक्षण अर्धवट सोडून तो कारखान्यात आला. हॉलीवूड हाकेच्या अंतरावर असल्याने टॉम मिक्स आणि फॅटी आरबकल यांच्यासारखे मूकपटांचे नट गिऱ्हाईक म्हणून लाभले. चारचौघांत उठून दिसणे हाच ज्यांचा व्यवसाय, त्यांच्यासाठी गाड्या सजवता सजवता अर्ल यांची नजर तयार झाली.

त्यांची एक रीत त्या धंद्यात नवी होती. इतर कारागीर लाकूड आणि पत्रा ठोकून आकार शोधत. अर्ल ओल्या मातीत शोधत. आपल्याकडचा मूर्तिकार शाडूवर अंगठा फिरवून गणपतीच्या सोंडेचा बाक ठरवतो, तसेच हे काम. मातीत मडगार्ड, दार आणि बॉनेट निरनिराळे तुकडे राहत नाहीत. एकाची रेघ दुसऱ्यात सहज उतरते आणि गाडी एकाच अंगाची दिसू लागते.

१९१९ साली हा कारखाना कॅडिलॅक गाड्यांचे विक्रेते डॉन ली यांनी विकत घेतला. तेथे अर्ल यांचे काम कॅडिलॅकचे प्रमुख लॉरेन्स फिशर यांच्या नजरेस पडले, आणि लासाल या नव्या गाडीचे रूप ठरवण्यासाठी त्यांनी अर्ल यांना डेट्रॉइटला बोलावून घेतले. १९२७ साली लासाल बाजारात आली आणि लोकांनी तिचे कौतुक केले.

ही वेळही मोठी मोक्याची होती. हेन्री फोर्ड यांच्या मॉडेल टी गाडीने दीड कोटींचा आकडा ओलांडला होता. ती स्वस्त होती, टिकाऊ होती आणि अनेक वर्षे केवळ काळ्या रंगात मिळत होती. ज्यांना मोटार हवी होती अशा पुष्कळांच्या दारात ती आता आलेली होती. मग नवी गाडी घ्यावयाची कोणी, आणि का? जनरल मोटर्सचे प्रमुख आल्फ्रेड स्लोन यांनी याचे उत्तर काढले. शेव्हरोले, पाँटिॲक, ओल्ड्समोबील, ब्युइक आणि कॅडिलॅक अशी एक शिडी त्यांनी उभी केली. माणसाची मिळकत वाढेल तसे त्याने एकेक पायरी चढावे, आणि दरवर्षी गाडीचे रूप थोडे बदलून त्याला जुन्या गाडीचा कंटाळा आणावा. हे रूप बदलण्यासाठी १९२७ साली त्यांनी कला व रंग विभाग काढला आणि तो अर्ल यांच्या हाती दिला.

पहिली ठेच लवकरच लागली. १९२९ च्या ब्युइकचा मातीतला आकार कारखान्यात तयार होताना बदलला गेला आणि गाडीच्या कुशी फुगल्या. लोकांनी तिला गर्भारशी ब्युइक म्हणून हिणवले, खप घसरला. आपण ठरवलेली रेघ दुसऱ्याच्या हातात गेली की तिचे काय होते, हा धडा अर्ल यांनी जन्मभर लक्षात ठेवला.

त्यांच्या हाताखाली रूप घेतलेल्या गाड्या आपल्याही ओळखीच्या आहेत. १९२८ पासून १९५४ पर्यंत मुंबईत शिवडीला जनरल मोटर्सचा जोडणीचा कारखाना होता. संस्थानी मोटारखान्यातल्या शेव्हरोले आणि ब्युइक घरातल्या वडीलधाऱ्यांच्या आठवणीत असतील. त्या गाड्या वर्षागणिक अधिक लांब, अधिक बुटक्या होत गेल्या, त्यामागे याच गृहस्थांची नजर होती.

अर्ल चांगले सहा फुटांवर उंच, कपड्यांचे शौकीन, आणि हाताखालच्या माणसांना धाक वाटावा असे. स्वतः ते रेखाटने फारशी करीत नसत. गुरुजी स्वतः न गाता शिष्याचा चुकलेला सूर नेमका पकडतात, तसे ते एखादी रेघ अर्ध्या बोटाने खाली घ्यावयास सांगत. १९३८ साली त्यांनी वाय-जॉब ही गाडी करवून घेतली. विकण्यासाठी नव्हे, लोकांना पुढचा काळ दाखवण्यासाठी. तिचे पुढचे दिवे मडगार्डांच्या अंगात लपत, काचा विजेने खालीवर होत. अर्ल ती स्वतः वर्षानुवर्षे चालवीत. १९४० साली ते कंपनीचे उपाध्यक्ष झाले. महायुद्धाच्या काळात लॉकहीडचे पी-३८ हे दोन शेपट्यांचे विमान त्यांच्या मनात भरले, आणि १९४८ च्या कॅडिलॅकच्या मागच्या मडगार्डांवर त्याची छोटी पर उगवली. पुढची दहा-बारा वर्षे अमेरिकेतल्या मोटारी या परांची शर्यत खेळत होत्या.

परंतु अर्ल यांच्या विभागाचे खरे कसब पाहावयाचे असेल तर १९५७ ची शेव्हरोले पाहावी. पत्र्याचा साचा मूळचा एकच, आणि गाड्या तीन : वन-फिफ्टी, टू-टेन आणि बेल एअर. वन-फिफ्टी सर्वांत साधी. तिच्या कुशीवर आखूड पट्टी, बाकी पत्रा मोकळा. ती पोलीसखाती आणि कंपन्यांचे फिरते विक्रेते यांच्या वाट्याला येई. टू-टेनच्या अंगावर पट्टी लांब, मागे ती दुभंगून पाचरीसारखी उघडे, आणि त्या पाचरीत हवा तर दुसरा रंग भरता येई. बेल एअरमध्ये तीच पाचर, पण आत रेघारेघांचा ॲल्युमिनियमचा पत्रा. पुढची जाळी सोनेरी, पुढच्या मडगार्डावर तीन सोनेरी खुणा. बंदिश तीच, अलंकार वेगळे; आणि त्या अलंकारांवरून शेजाऱ्याला घरमालकाची ऐपत कळे.

आता त्या वादाचे मर्म ध्यानात येईल. आज या गाड्यांसाठी नव्या पट्ट्या, नव्या जाळ्या तयार मिळतात. चार दिवसांत साध्या गाडीला बेल एअरचा साज चढवता येतो आणि तिची किंमत वाढवता येते. परंतु चालकाच्या दाराच्या खांबावर क्रमांकाची एक लहानशी पट्टी असते. क्रमांकाच्या आरंभी ए असेल तर वन-फिफ्टी, बी असेल तर टू-टेन, सी असेल तर बेल एअर. आठ सिलिंडरांचे इंजिन असेल तर त्यापूर्वी व्ही. ते अक्षर गाडीची खरी जात सांगून टाकते. जाणता कारागीर आधी ते वाचतो, मगच पत्र्याला हात लावतो. वन-फिफ्टी राबून राबून झिजल्या आणि भंगारात गेल्या. उरलेल्यांपैकी एकीला सोनेरी जाळी बसवली, की फिरत्या विक्रेत्याने उन्हातान्हात चालवलेली ती साधी गाडी जगातून कायमची नाहीशी होते. गिऱ्हाइकाची फसवणूक होते ती निराळीच.

अर्ल यांनाही साज कोठे थांबवावा हे अखेरीस उमगेनासे झाले. १९५८ च्या ब्युइकच्या जाळीत क्रोमचे १६० चौकोनी तुकडे होते. त्याआधीच, १९५७ साली, क्रायस्लर कंपनीने व्हर्जिल एक्स्नर यांच्या हलक्या, सडपातळ गाड्या आणून जनरल मोटर्सला धक्का दिला होता. अर्ल युरोपात गेलेले असताना त्यांच्याच तरुण सहकाऱ्यांनी १९५९ साठीचे आराखडे बाजूला सारून नवे काढले. परतल्यावर अर्ल यांनी ते मान्य केले. १९५८ च्या अखेरीस बिल मिचेल यांच्या हाती विभाग सोपवून ते निवृत्त झाले. १० एप्रिल १९६९ रोजी फ्लॉरिडातल्या वेस्ट पाम बीच येथे त्यांचे निधन झाले.

लोकांना कालच्या गाडीचा कंटाळा यावा, हे त्यांच्या साऱ्या पट्ट्यांचे आणि परांचे काम होते, आणि ते काम त्या त्या वर्षी चोख झाले. आज त्याच पट्टीवरून वर्ष ओळखले जाते, आणि ती जपण्यासाठी माणसे आपल्या सुट्ट्या आणि शिल्लक खर्च करतात. अशा कामाला हात घालणाऱ्याने साधी गाडी साधीच उभी करावी. १९५७ च्या कारखान्यातून ती जशी बाहेर पडली तशीच तिची आखूड पट्टी पुन्हा झळकली, तर अर्ल यांनी तीन गाड्यांत राखलेला फरक पुढच्या पिढीला डोळ्यांनी पाहता येईल.