संत जोझे वाझ : सिंहलद्वीपाचा गोमंतकीय प्रेषित

धर्माचे भवितव्य कोणाच्या हाती असते, असा प्रश्न उपस्थित झाला म्हणजे आपली दृष्टी प्रथम भव्य मंदिरांकडे आणि वयोवृद्ध धर्माधिकाऱ्यांकडे वळते. परंतु आमच्याच गोमंतकाच्या मातीत जन्मलेल्या एका सत्पुरुषाचे चरित्र निराळे उत्तर देते.

जोझे वाझ यांचा जन्म २१ एप्रिल १६५१ रोजी सासष्टीतील बाणावली येथे, आजोळी झाला. वडिलांचे गाव सांकवाळ. इ. स. १६७६ मध्ये, वयाच्या अवघ्या पंचविसाव्या वर्षी, त्यांना धर्मगुरूची दीक्षा मिळाली. त्या काळी युरोपीय धर्मसंघांची द्वारे एतद्देशीयांना बहुधा बंदच असत. तेव्हा काही गोमंतकीय धर्मगुरूंनी जुन्या गोव्यात एकत्र येऊन व्रतस्थ जीवन आरंभिले. इ. स. १६८५ मध्ये जोझे त्यांना जाऊन मिळाले व त्यांचे प्रमुख झाले. हीच पुढे ऑरेटरी म्हणून प्रसिद्धीस आलेली संस्था होय.

त्या सुमारास श्रीलंकेच्या किनाऱ्यावर डचांचे राज्य होते. कॅथलिक उपासनेस त्यांची सक्त मनाई होती. सुमारे तीस वर्षे तेथील लोकांना धर्मगुरूचे दर्शन दुर्मिळ झाले होते. मिस्सा न पाहिलेली एक नवी पिढी वाढत होती. दिवा विझू द्यावयाचा नसेल, तर कोणीतरी तेल घेऊन जावयास हवे होते. इ. स. १६८६ मध्ये जोझे यांनी गोवे सोडले आणि पुढील वर्षी मजुराच्या वेषात ते जाफन्यास उतरले. गळ्यात जपमाळ घालून ते दारोदार भिक्षा मागत. ती माळ पाहून ज्याची मुद्रा पालटे, तो आपला, ही त्यांची खूण!

इ. स. १६९२ मध्ये कँडीच्या राज्यात पोर्तुगीजांचा हेर समजून त्यांना बंदिवासात टाकण्यात आले. पुढे बौद्धधर्मीय राजाचा त्यांच्यावर विश्वास बसला. इ. स. १६९७ मध्ये देवीची साथ आली, तेव्हा आप्तेष्टांनीही टाकून दिलेल्या रुग्णांची त्यांनी धर्मभेद न मानता शुश्रूषा केली. तमिळ व सिंहली या दोन्ही भाषा त्यांनी आत्मसात केल्या होत्या.

परंतु एकट्याचे कार्य एकट्याबरोबरच संपते, हे ते जाणून होते. म्हणून गोव्याहून तरुण सहकारी येत राहिले. त्यांपैकी दिवाडीचे जाकोम गोन्साल्विस इ. स. १७०५ मध्ये तेथे पोहोचले, तेव्हा तिशीच्या आतच होते. त्यांनी सिंहली व तमिळ भाषांत विपुल ग्रंथरचना केली. १६ जानेवारी १७११ रोजी जोझे वाझ कँडी येथे निवर्तले. मातृभूमीचे दर्शन त्यांना पुन्हा घडले नाही. १४ जानेवारी २०१५ रोजी कोलंबो येथे पोप फ्रान्सिस यांनी त्यांना संतपद दिले.

विद्यार्थी मित्रहो, वाडवडिलांकडून मिळालेली श्रद्धा पेटीत जपून ठेवावयाची नसते. ती चालवावयाची असते, व चालविण्याचे बळ तारुण्यातच असते. धर्म कोणताही असो, त्याची कसोटी रुग्णाच्या उशाशीच लागते, हे आम्ही या चरित्रातून शिकावे.