पंडिता रमाबाई : केडगावच्या माळावरील श्रम आणि अक्षर

पुणे-दौंड लोहमार्गावर केडगाव स्थानक आहे. ऊस, गुऱ्हाळे आणि बाजारपेठ ही या परिसराची आजची ओळख. इतिहासाचा अभ्यास करणाऱ्याला मात्र हे नाव आणखी एका कारणासाठी आठवते. गावाच्या विकासाचा आराखडा करताना शिक्षणाला आणि हाताच्या कौशल्याला कोणते स्थान द्यावे, हा प्रश्न आज प्रत्येक ग्रामपंचायतीसमोर आहे. सव्वाशे वर्षांपूर्वी एका विधवा स्त्रीने त्याचे उत्तर केडगावच्या जमिनीवर प्रत्यक्ष उभे केले. त्या स्त्रीचे, पंडिता रमाबाईंचे, चरित्र या स्मरणिकेच्या वाचकांपुढे आम्ही याच दृष्टीने मांडत आहोत.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी कर्नाटकातील गंगामूळच्या अरण्यात झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी रूढी मोडून पत्नी लक्ष्मीबाईंना संस्कृत शिकविले होते, आणि मुलीला ती विद्या आईकडून मिळाली. पुढे कुटुंब निर्धन झाले. पुराणे सांगत तीर्थोतीर्थी फिरणे हाच चरितार्थ उरला. १८७६-७७ च्या दुष्काळात वडील, आई आणि थोरली बहीण एकामागून एक गेली. येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. या घरात विद्या विपुल होती. परंतु अंगमेहनतीचे काम कोणालाही शिकविलेले नव्हते आणि तसे काम करणे कमीपणाचे मानले जात होते. हजारो श्लोक मुखोद्गत असलेले कुटुंब अन्नावाचून संपले. रमाबाईंच्या पुढील साऱ्या कार्याची मुळे आम्हांला या अनुभवात दिसतात.

भाऊ श्रीनिवास यांच्यासह पायी भटकत त्या १८७८ मध्ये कलकत्त्यास पोहोचल्या. तेथील विद्वानांनी त्यांना पंडिता आणि सरस्वती या पदव्या दिल्या. १८८० मध्ये भाऊ वारला. त्याच वर्षी रमाबाईंनी शूद्र गणल्या गेलेल्या जातीतील वकील बिपिनबिहारी मेधावी यांच्याशी नोंदणी पद्धतीने विवाह केला. कन्या मनोरमेचा जन्म झाला, आणि १८८२ च्या प्रारंभी पटकीने पतीचे निधन झाले.

त्या पुण्यास आल्या, आर्य महिला समाज स्थापन केला आणि हंटर आयोगापुढे स्त्री-शिक्षिका व स्त्री-वैद्य तयार करण्याची मागणी मांडली. त्याच वर्षी त्याच आयोगापुढे महात्मा जोतीराव फुले यांनी शूद्रातिशूद्रांच्या प्राथमिक शिक्षणाची कैफियत मांडली होती, हा योगायोग आमच्या विद्यार्थ्यांनी लक्षात ठेवावा. १८८३ मध्ये रमाबाई इंग्लंडला गेल्या आणि तेथे त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. पुण्याचे सुशिक्षित जग त्यांच्यावर तुटून पडले. तेव्हा १८८५ मध्ये 'सत्सार'च्या अंकांतून त्यांची बाजू घेतली ती जोतीरावांनीच. धर्माची चिकित्सा करून तो सोडण्याचा स्त्रीचा अधिकार त्यांनी मान्य केला होता.

१८८६ मध्ये त्या अमेरिकेस गेल्या. तेथे त्यांनी फ्रोबेलची बालशिक्षणपद्धती अभ्यासली आणि व्याख्याने देऊन निधी उभारला. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन सुरू झाले आणि पुढच्या वर्षी ते पुण्यास हलविले गेले. हे सदन प्रामुख्याने उच्चवर्णीय विधवांसाठी होते आणि स्वयंपाकघरात जातीचे नियम पाळण्याची मुभा होती. ही त्याची मर्यादा आम्ही झाकून ठेवणार नाही. तरीही १८९३ मध्ये धर्मांतराच्या आरोपावरून वादळ उठले आणि अनेक पालकांनी मुली काढून नेल्या.

यानंतरचा भाग आमच्या विषयाच्या गाभ्याचा आहे. अमेरिकन मंडळीने साहाय्याचे वचन दिले होते ते दहा वर्षांचे. ती मुदत संपल्यावर काय, याचा विचार रमाबाईंनी आधीच केला. केडगाव येथे लोहमार्गाजवळ त्यांनी सुमारे शंभर एकर जमीन घेतली, विहिरी खोदल्या, फळझाडे लावली. उत्पन्नाचे साधन, पाणी आणि बाजाराची वाट या तिन्ही गोष्टी एकत्र पाहूनच ही जागा निवडलेली दिसते. आजच्या भाषेत यालाच स्थानिक अर्थनियोजन म्हणतात.

१८९६-९७ मध्ये मध्य प्रांतात दुष्काळ पडला. वीस वर्षांपूर्वी स्वतः भोगलेली भूक त्यांना स्वस्थ बसू देईना. तेथून त्यांनी सुमारे तीनशे मुली व स्त्रिया आणल्या. पुण्यात प्लेगचे निर्बंध आले, म्हणून हा सारा परिवार केडगावी नेला गेला. तेथे मुक्ती सदन उभे राहिले. १९०० मध्ये गुजरातच्या दुष्काळातून आणखी शेकडो जणी आल्या आणि रहिवाशांची संख्या दोन हजारांच्या घरात गेली.

एवढ्या माणसांना नुसते पोसायचे म्हटले असते, तर ते अन्नछत्र झाले असते. रमाबाईंनी वसाहतीच्या गरजांमधूनच उद्योग काढले. धान्य व भाजीपाला हवा म्हणून शेती, दूध हवे म्हणून गोठा, तेल हवे म्हणून घाणा, वस्त्र हवे म्हणून माग आणि शिवणकाम. भट्टी, धुलाई, भांड्यांची कल्हई, छापखाना हेही आले. मनोरमाबाईंनी ब्रेल लिपी शिकून अंध मुलींना वाचन शिकविले, आणि त्या मुली वेतकाम करू लागल्या. या कामांबरोबर शाळाही चाले. ज्या आधी शिकल्या त्या नंतर आलेल्यांना शिकवीत. छापखान्यात खिळे जुळविण्यापासून छपाईपर्यंतची कामे स्त्रियाच करीत. रमाबाईंनी मूळ हिब्रू व ग्रीकवरून साध्या मराठीत केलेले बायबल त्याच हातांनी छापले. अक्षर आणि श्रम यांची येथे फारकत राहिली नाही.

या व्यवस्थेत जातिव्यवस्थेवर एक खोल आघात होता. गावगाड्यात घाणा तेल्याचा, माग कोष्ट्याचा, शेतातली मोलमजुरी महारामांगाची. हुन्नर जन्माने ठरे आणि अक्षर जन्माने नाकारले जाई. मुक्ती सदनात दुष्काळाने सर्व जातींच्या स्त्रिया एका छताखाली आल्या आणि काम शिक्षणाने मिळू लागले. शारदा सदनाची मर्यादा केडगावने ओलांडली ती अशी.

मूल्यमापन करताना दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. मुक्ती सदन परदेशी देणग्यांवाचून कधीच पूर्णपणे उभे राहिले नाही. आश्रयाबरोबर तेथे धर्मोपदेशही होता. या दोन्ही गोष्टींवर मतभेद असू शकतात. तथापि नियोजनाचे तत्त्व त्यामुळे खोटे ठरत नाही. पुढे १९१८ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी भारतातील लहान शेतजमिनींवरील निबंधात हेच दाखविले की, जमिनीवर अडकलेले रिकामे हात उद्योगांत वळविल्यावाचून शेतीचा प्रश्न सुटणार नाही.

आमच्या समाजाला हा विषय नाजूक वाटतो, आणि त्याला कारण आहे. हातांचे काम आमच्या पूर्वजांवर लादले गेले होते. वतनाची आणि मेलेली ढोरे ओढण्याची कामे सोडा, असे बाबासाहेबांनी सांगितले, ते माणूसपणासाठी. म्हणून कौशल्यशिक्षणाचे नाव निघताच, आमच्या मुलांना पुन्हा हत्यार आणि इतरांच्या मुलांना पुस्तक, अशी शंका पालकांच्या मनात येते. ही शंका रास्त आहे. पुस्तक काढून घेऊन दिलेले हत्यार गुलामीच असते. परंतु रमाबाईंच्या घरात पुस्तक होते आणि हत्यार नव्हते, तेव्हा भुकेने घर रिकामे केले, हेही विसरता येत नाही. केडगावचे उत्तर दोन्ही एकाच हाती देण्याचे होते, आणि कोणते काम करावे हे जन्माने ठरू न देण्याचे होते.

१९१९ मध्ये सरकारने त्यांना कैसर-ए-हिंद पदक दिले. १९२१ मध्ये मनोरमाबाईंचे निधन झाले आणि ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाईंनी केडगाव येथेच देह ठेवला. मुक्ती सदनाचे काम आजही तेथे चालू आहे.

आमच्या शाळेतून बाहेर पडलेले माजी विद्यार्थी आज शिक्षक आहेत, कारागीर आहेत, काही गावकारभारातही आहेत. गावाच्या आराखड्यावर चर्चा होईल तेव्हा त्यांनी रस्ता आणि सभामंडपाच्या पुढे जाऊन तीन प्रश्न विचारावेत. गावाला काय लागते, त्यातले गावात काय होऊ शकते, आणि ते करायला कोणाला काय शिकवावे लागेल? हे प्रश्न विचारायला पद लागत नाही. केडगावच्या माळावर रमाबाईंनी सुरुवात केली ती या तीन प्रश्नांपासूनच.